प्रगती साटोणे, सध्या मुक्काम पिपरी मेघे

प्रगती साटोणे कुठल्याही इमारतीत शिरली की आधी वर बघायची. छत किती उंच आहे, दिवे कुठं आहेत, वारा कोणत्या खिडकीतून येतो, एवढं पाहून झालं की मग माणसांकडे. एकदा आमच्या नात्यातल्या लग्नाला मी तिला बोलावलं होतं. मंगल कार्यालयाच्या दारात हातात अक्षता घेऊन ती थबकली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, इथं तीन कोर्ट आरामात बसते. फक्त उजेड डोळ्यात येईन." नवरानवरीबद्दलचं तिचं मत आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या भांड्यांच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हाही तिनं असंच वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि निकाल दिला, "काका, अर्धंही कोर्ट नाई होत. पण तुम्ही जेवढं खेळता तेवढ्याले पुरते."

मी किती खेळतो हे सांगायला हवं, कारण त्याशिवाय तिच्या सहनशक्तीचा अंदाज येणार नाही.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या टोकाला पत्र्याचा एक हॉल आहे. बॅडमिंटनची दोन कोर्ट, चार पंखे, बाहेर एक नळ. तिथं सकाळी सहा वाजता आम्ही पाच-सहा जण जमतो. वयं पन्नाशीच्या पुढची, गुडघे त्याहून पुढचे. मी त्यातला तरुण, म्हणजे त्रेपन्न वर्षांचा. माझ्याकडे सगळ्यात महाग रॅकेट आहे आणि आजवर मला एकानंही ती उसनी मागितलेली नाही, कारण माझ्या हातात तिचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. माझे जोडीदार इंगळे सर. ते गणित शिकवून निवृत्त झालेले. समोरच्यानं मारलेलं फूल, म्हणजे शटल, रेषेवर पडलं की सर रेषेला जाडी नसते हे सिद्ध करायचे आणि फूल बाहेर ठरवायचे. तेच फूल आपलं असलं की रेषेला जाडी यायची. अशा दीड तासाच्या व्यायामानंतर आम्ही चौकात जाऊन पोहे खायचो आणि आपण किती फिट आहोत यावर बोलायचो.

एके दिवशी हॉलच्या मालकांनी सांगितलं की उद्यापासून कोच येणार आहे. आम्हाला वाटलं, शिट्टी गळ्यात अडकवलेला कोणी पोट सुटलेला गृहस्थ असेल, म्हणजे आमच्यातलाच. आली ती सव्वीस वर्षांची एक सडसडीत मुलगी. रंग उडालेली ट्रॅकपँट, डाव्या गुडघ्याला काळा पट्टा, केस रॅकेटच्या तुटलेल्या गटिंगच्या दोरीनं बांधलेले. ती भिंतीला टेकून वीस-पंचवीस मिनिटं आमचा खेळ बघत राहिली. आम्हीही जरा जास्तच जोरात ओरडत खेळलो. मग तिनं विचारलं, "तुम्ही रोज किती वेळ खेळता काका?"

"दीड तास," मी छाती काढून म्हणालो.

"मी घड्याळ लावून पाहून राह्यली होती. वीस मिनिटात फूल हवेत होतं तीन मिनिटं. बाकीचा वेळ तुम्ही थे उचलून राह्यले होते, नाई तं भांडून राह्यले होते."

इंगळे सरांनी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं असावं, कारण त्यांचं बोट तळहातावर काहीतरी गिरवू लागलं.

प्रगती मूळची अल्लीपूरची. घरी शेती, त्यातही भाजीपाला. वडील महादेवराव वांगी, मेथी, कोथिंबीर काढून हिंगणघाटच्या बाजारात नेतात. गावच्या शाळेत एका बदलून आलेल्या मास्तरांनी पटांगणात जाळी बांधली म्हणून ही पोरगी बॅडमिंटनमध्ये आली. त्यांनी व्हॉलीबॉलची जाळी बांधली असती तर ती व्हॉलीबॉलमध्ये गेली असती, असं तीच सांगायची. पुढं जिल्हा, राज्य, आणि मग दक्षिणेकडच्या एका मोठ्या अकादमीत नऊ वर्षं. देशातल्या पहिल्या पंचवीस-तीस मुलींमध्ये तिचं नाव होतं. "पेपरात नाव येत नाई अन् सरकारी नोकरीही लागत नाई, बरोबर तो नंबर हाये माझा," ती म्हणायची. मग डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, वर्षभरानं पुन्हा झालं. अकादमीनं खोली रिकामी करायला सांगितली. सगळं सामान घेऊन ती वर्ध्याला आली, पिपरी मेघेत एका घराच्या वरची खोली भाड्यानं घेतली, आणि सकाळी आम्हाला, संध्याकाळी लहान मुलांना शिकवू लागली. मधल्या वेळात ती स्वतः सराव करायची. भिंतीवर, एकटी.

तिच्या नावावर आम्ही पहिल्याच आठवड्यात विनोद केला. तिनं तो आधीच करून ठेवला होता. "रस्त्यावर पाटी असते न, काम प्रगतीपथावर आहे म्हणून. तशीच मी. पाटी कधीची लागली हाये."

तिची शिकवण्याची पद्धत साधी होती. तिनं मला पहिला महिनाभर फूल मारूच दिलं नाही. कोर्टाच्या मध्यावर उभं राहायचं, ती सांगेल त्या कोपऱ्यात जायचं आणि परत मध्यावर यायचं. "काका, तुम्ही फुलाच्या मागं धावता. थे तुमच्यापेक्षा लवकर पोचते. आधी जाऊन उभे राहा न." दुकानात बसल्यावर माझी पावलं गल्ल्याखाली आपोआप हलायची, आणि गिऱ्हाइकांना वाटायचं मला कुठंतरी जायची घाई आहे. महिन्यानंतर तिनं हातात रॅकेट दिली तेव्हा मी पहिल्याच फटक्याला इंगळे सरांचा चष्मा उडवला. तिनं तो उचलून पुसला आणि सरांच्या हातात दिला. म्हणाली, "पण काका पोचले वेळेवर."

हरण्याबद्दल ती कधी 'हरले' असं म्हणायची नाही. 'आज समोरची चांगली खेळली' असं म्हणायची. हे मी उचललं. आता मी रोज सांगतो की समोरचे चांगले खेळले. आमच्या मंडळात समोरचे फार चांगले खेळतात.

तिला परदेशात खेळायचं होतं. ऑलिंपिक वगैरे नाही. ते वय आणि तो गुडघा मागं पडल्याचं तिला आमच्याआधी कळलेलं होतं. युरोपात गावोगावी बॅडमिंटनचे क्लब असतात आणि त्यांच्यात शनिवार-रविवारी लीगचे सामने होतात. ज्या क्लबकडे थोडी ऐपत असते ते बाहेरून एखादी खेळाडू बोलावतात. तिनं सामने खेळायचे आणि आठवडाभर क्लबच्या मुलांना शिकवायचं. अकादमीतल्या दोन मुली अशा गेल्या होत्या. "इथं मी कोच हाये," ती म्हणाली. "तिथं मी खेळाडू असन. अजून चार-पाच वर्षं मले खेळाडू राहायचं हाये काका. कोच तं मंग मरेपर्यंत राहीन."

हे सांगताना ती पहिल्यांदा विनोद न करता बोलली, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

अर्ज इंग्रजीत करायचे होते. आणि इथं मी या गोष्टीत घुसलो. मी इंग्रजीत एम.ए. आहे. श्रेणीबद्दल विचारू नये. वडील गेले आणि दुकानावर बसलो, त्यामुळं ती पदवी तीस वर्षं कुकर आणि कढयांच्या मागं पडून होती. मी तिला म्हणालो, "अर्जाचं तू माझ्यावर सोड." तिनं सोडलं. त्यावेळी तिला मी फक्त कोर्टावरच माहीत होतो, तरीही सोडलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आमच्या घरात आजवर जेवढे बायोडेटा लिहिले गेले ते सगळे लग्नाचे. माझ्या दोन बहिणींचे आणि एका पुतणीचे मीच लिहिले आणि तिघींची लग्नं झाली, म्हणून माझा माझ्या लेखणीवर विश्वास. मी प्रगतीची उंची लिहिली, रंग गव्हाळ लिहिला, कुटुंब सुसंस्कृत, स्वतःची ओलिताची शेती, एक भाऊ, स्वभाव मनमिळाऊ आणि स्वयंपाकाची आवड, असं सगळं घोळदार इंग्रजीत लिहून नऊ क्लबांना पाठवलं. नऊतल्या एकाचं उत्तर आलं. डेन्मार्कच्या कोणा बाईनं फार सभ्यपणे लिहिलं होतं की आम्हाला एकेरीसाठी खेळाडू हवी आहे, तिच्या रंगाबद्दल आमची काही हरकत नाही, पण ती बॅडमिंटन कसं खेळते ते पत्रात सापडलं नाही.

प्रगतीनं ते उत्तर हॉलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. इंगळे सर बाकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मला वाटलं, आता ही दुसरा कोणी शोधेल. पण हसून झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "काका, स्वयंपाकाचं खोटं लिहिलं तुम्ही. मले भातही नाई जमत. थे काढून टाका, बाकी सुधारू."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून बरेच अर्ज केले. नकार यायचे. ते एका ठरावीक साच्यातले असायचे. सुरुवातीला आभार, मग कौतुक, मग 'पण'. तिनं त्याचा खेळ केला होता. मेल उघडून ती फोन माझ्याकडे द्यायची आणि डोळे मिटून म्हणायची, "'पण' कोणत्या ओळीत हाये सांगा." दुसऱ्या ओळीत असला तर म्हणायची, "बरं झालं, टाइम नाई खाल्ला." एकदा सातव्या ओळीत आला तेव्हा मात्र ती फोन खिशात टाकून भिंतीकडे गेली आणि संध्याकाळची मुलं येईपर्यंत भिंतीवर मारत राहिली.

जर्मनीतल्या एका बऱ्या क्लबनं तिच्यात रस दाखवला तेव्हा आमच्या हॉलमध्ये सण असल्यासारखं झालं. त्यांनी तिचे व्हिडिओ पाहिले होते. त्यांनी एक लांबलचक फॉर्म पाठवला. तिनं तो माझ्याकडे दिला आणि ती मुलांना घेऊन एका स्पर्धेला अमरावतीला गेली. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न होता: पूर्वी काही मोठी दुखापत झाली आहे का?

मी त्या प्रश्नासमोर दुकानात बराच वेळ बसलो. पातेल्याला पोचा आलेला असला की आम्ही ते रचताना पोच्याची बाजू भिंतीकडे करतो. गिऱ्हाईक फिरवून बघतं, बघत नाही, त्याचं नशीब. तीस वर्षांची सवय आहे ही. मी 'नाही' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. तिला सांगितलंही नाही. मनात आलं, पोरगी तिकडे पोचली, चार सामने जिंकली, की कोण विचारतं.

मुलाखत व्हिडिओवर व्हायची होती. माझ्या दुकानाच्या माडीवर इंटरनेट चांगलं चालतं, म्हणून तिथं दुपारी दोन वाजता बसायचं ठरलं. माडी म्हणजे मालाची खोली. चारी बाजूंनी डबे, घागरी, परातींच्या उतरंडी. माझ्या बायकोनं तिच्या मागं एक फिकट चादर बांधली, तरी कोपऱ्यातून इडलीपात्र दिसतच होतं. प्रगतीनं वर खेळायचा स्वच्छ टी-शर्ट घातला होता आणि खाली सलवार. मी कॅमेऱ्याच्या मागं स्टुलावर. शब्द अडला तर कागदावर लिहून दाखवायची जबाबदारी माझी.

पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आणि एक तरुण कोच पडद्यावर आले. सगळं छान चाललं होतं. तिचं इंग्रजी तुटकं, पण त्यांचंही काही फार सलग नव्हतं. शेवटी ते मिशीवाले कागद चाळत म्हणाले की तुम्हाला एकही दुखापत झालेली नाही हे वाचून बरं वाटलं, या वयात असं क्वचित दिसतं.

प्रगतीनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, चालू दे, चालू दे. कागदावर 'येस' असं लिहूनही दाखवलं. तिनं पुन्हा पडद्याकडे मान वळवली.

"नो सर. मिस्टेक इन फॉर्म. लेफ्ट नी. ऑपरेशन, टू टाइम. नाऊ गुड. बट नॉट न्यू."

मग ती उठली, सलवार गुडघ्याच्या वर सरकवून तिनं त्यांना दोन्ही व्रण दाखवले आणि त्याच डाव्या पायावर उभी राहून दहा वेळा खाली बसून वर आली. दहाव्या वेळी तिचा हात मागच्या उतरंडीला लागला आणि वरची परात जमिनीवर पडून गोल गोल वाजत राहिली. परात थांबायची दोन्ही देशांनी वाट पाहिली.

चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. 'पण' दुसऱ्याच ओळीत होता.

तिनं मला त्यावर लगेच काही म्हटलं नाही. सकाळी वेळेवर यायची, शिकवायची, जायची. फक्त काका म्हणायचं बंद केलं. "पाय उचला," "रॅकेट वर ठेवा," एवढंच. आठवडा गेला. मग एकदा मी नळावर तोंड धूत असताना ती येऊन उभी राहिली.

"तुम्ही काऊन लिहिलं तसं?"

मी म्हणालो, "तुझ्या भल्यासाठी." हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच ते किती हलकं आहे ते मला समजलं.

"तिकडं मी एकटी असती काका. एखाद्या मॅचमधी गुडघा धरून खाली बसली असती, तं त्यायले का सांगितलं असतं मी? आमच्या काकांनं लिहिलं म्हणून?" नळ बंद करून ती म्हणाली, "दोन वर्षं मी ह्या गुडघ्यासोबत राह्यली. रोज बोलली त्याच्याशी. अन् तुम्ही त्याले फॉर्ममधून काढूनच टाकलं."

मी माफी मागितली. ती मान हलवून गेली. पण मला चैन पडेना. पुढच्या रविवारी मी अल्लीपूरला गेलो. तिच्या वडिलांना सगळं सांगावं असं वाटलं. खरं सांगायचं तर, कोणीतरी मोठ्या माणसानं चारदोन शब्द सुनवावेत आणि मोकळं करावं, अशी माझी आपली सोय मी बघत होतो.

महादेवराव वांग्याच्या वाफ्यात होते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे, पण मी बांधावर बुटानं घसरत गेलो आणि ते अनवाणी, डोक्यावर टोपलं घेऊन सरळ चालत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी वांगी निवडता निवडता ऐकलं. किडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला.

"म्हणजे तुमी खोटं लिवलं, अन् तिनं खरं सांगून टाकलं," ते म्हणाले.

"हो."

"मंग तं बरोबरच झालं न भाऊ. यात माह्याजवळ येण्यासारखं का हाये?"

मग मी विचारलं, "तिनं जावं असं तुम्हाला वाटतं का?"

ते जरा वेळ हातातलं वांगं फिरवत राहिले. "दुसऱ्या आपरेशनच्या वक्ती तिनं मले इचारलं होतं, बाबा, मी थांबू का आता. मी म्हटलं, मले तुहा खेळ समजत नाई बाई. कोन जितलं थेही मले लोकायचं तोंड पाहूनच समजते. थकली असशीन तं थांब. नसशीन थकली तं मी कोन सांगनारा." त्यांनी वांगं चांगल्या ढिगात टाकलं. "तिनं काही सांगितलं नाई. दुसऱ्या दिवशी पाहतो तं दवाखान्याच्या पायऱ्या चढून राह्यली होती."

येताना त्यांनी गाडीत पिशवीभर वांगी ठेवली. शब्द काही सुनावले नाहीत. मी आलो तसाच जड परत आलो, वर वांगी.

पुढचा अर्ज तिनं स्वतः लिहिला. पाच-सहा ओळींचा. मला फक्त स्पेलिंग बघायला दिला. त्यात होतं: मी प्रगती, वय सत्तावीस. माझ्या डाव्या गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं आहे. आधी मी खूप जोरात पळायची, आता आधी विचार करते. मुलांना शिकवायला आवडतं, म्हाताऱ्यांनाही शिकवते. सोबत एका सामन्याचा व्हिडिओ आहे. त्यात समोरची जिंकली आहे, पण माझा खेळ बघा.

'म्हाताऱ्यांना' या शब्दावर मी आक्षेप घेतला. 'ज्येष्ठ' म्हणता येईल, म्हणालो.

"इंग्रजीत ओल्डच म्हणते न काका," ती म्हणाली. ती पुन्हा काका म्हणाली, त्यामुळं मी तो मुद्दा सोडून दिला. हरलेल्या सामन्याचा व्हिडिओ कायले पाठवते, असं इंगळे सरांनी विचारलं, तर म्हणाली, "जिंकलेल्या मॅचमधी समोरची खराब खेळते सर. त्यात माहं का दिसते?"

इंग्रजीत गुडघ्याच्या आधी एक के असतो, जो लिहायचा पण बोलायचा नाही. तो तिनं लिहिला नव्हता. तेवढा मी घातला. माझ्या एम.ए.चा तिला झालेला उपयोग म्हणजे तो एक के.

पावसाळा लागायच्या सुमारास एका सकाळी ती हॉलमध्ये आली आणि नेहमीसारखा फोन माझ्या हातात देऊन डोळे मिटून उभी राहिली. जर्मनीतलाच एक क्लब, अगदी लहान गावचा. पहिल्या ओळीत आभार होते. 'पण' तिसऱ्या ओळीत सापडला. मी सवयीनं सांगितलं, "तिसऱ्या." तिनं डोळे उघडले. मी पुढं वाचलं. पण आमचं गाव फार लहान आहे, असं लिहिलं होतं. आम्ही खालच्या लीगमध्ये खेळतो. हॉल शाळेचा आहे. राहायला एका सभासदाच्या घरी वरची खोली मिळेल. आल्यावर आमचे डॉक्टर गुडघा बघतील आणि त्यांनी हो म्हटलं तर एका हंगामाचा करार करू. हे चालत असेल तर या.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. मग ती कोर्टावर गेली आणि आमच्याकडे पाठ करून जाळीची उंची मोजायची पट्टी घेऊन जाळी मोजत बसली. ती जाळी तिनं कालच मोजली होती. आम्ही कोणी तिच्याजवळ गेलो नाही. इंगळे सरांना अशा वेळी काय करावं ते समजत नाही, म्हणून त्यांनी चारही पंखे सुरू केले.

व्हिसाला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला एक कागद कमी निघाला आणि तो माझ्याच यादीतून सुटला होता. याबद्दल मी इथं एवढंच बोलणार आहे.

निघायच्या आधीचे आठ दिवस ती अल्लीपूरला होती. नागपूरच्या विमानतळाकडे जाताना जाम नावाच्या गावाच्या चौरस्त्यावर थांबायचं, तिथं आम्ही वर्ध्याहून यायचं आणि चहा घेऊन तिला निरोप द्यायचा, आणि तिच्या आईवडिलांना आमच्या गाडीनं अल्लीपूरला सोडायचं, असं ठरलं. मी, माझी बायको आणि इंगळे सर पोचलो तेव्हा साटोण्यांची, एरवी बाजाराला भाजी नेणारी, भाड्याची गाडी एका हॉटेलासमोर उभी होती आणि तिची बॅग खाटेवर उघडी पडली होती. विमानात तेवीस किलोच चालतं हे कोणीतरी वाटेत सांगितलं होतं आणि बॅग किती भरली ते कोणालाच माहीत नव्हतं.

महादेवरावांनी गाडीतून भाजीची पोती तोलायचा ताणकाटा काढला. बॅगेची मूठ त्याच्या आकड्यात अडकवली, एका बाजूनं त्यांनी आणि दुसऱ्या बाजूनं ड्रायव्हरनं दांडा धरून उचलली. ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि ते एक डोळा मिटून काट्याकडे बघत होते.

"साडेचोवीस. दीड किलो काढ बाई."

तिच्या आईनं तिखटाची पुडी उचलली. प्रगतीनं ती परत ठेवली. फुलं ज्यात येतात त्या नळ्यांवर तिचा हात गेला, तोही मागं आला. मग तिनं बॅगेच्या तळातून एक कापडी पिशवी काढली. आत तिची सगळी पदकं होती. शाळेपासूनची. तिनं ती आईच्या हातात दिली.

"अवं, तिकडच्या लोकायले दाखवाले पाह्यजे न," आई म्हणाली.

"त्यायले मी खेळूनच दाखवीन. हे तुह्याजवळ ठेव."

पुन्हा तोलली. काटा तेवीसच्या जरा खाली थांबला. महादेवराव म्हणाले, "आता बरोबर," आणि बॅगेची चेन त्यांनी स्वतः लावली, दोनदा तपासली. चहा झाला. तिनं आईला मिठी मारली, वडिलांच्या, माझ्या बायकोच्या आणि इंगळे सरांच्या पाया पडली. माझ्या पाया पडताना हळूच म्हणाली, "काका, गुडघे वाकवून खेळजा." महादेवराव गाडीच्या खिडकीत वाकून फक्त एवढंच म्हणाले, "पोचली की फोन करजो." गाडी नागपूरच्या दिशेला लागल्यावर ते ताणकाटा हातात घेऊन तसेच रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तो पुसला.

डॉक्टरांनी गुडघ्याला हो म्हटलं. हंगाम सुरू झाला. तिचा क्लब आपले सामने इंटरनेटवर दाखवतो, म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात कोणीतरी एक कॅमेरा तिवईवर लावून निघून जातो. एका रविवारी संध्याकाळी मी घरी लॅपटॉपवर ते लावलं. तिथं दुपार होती. शाळेचा हॉल, भिंतीला चढायच्या दोऱ्या, बाकांवर पंधरा-वीस माणसं. प्रगती निळ्या टी-शर्टात होती. मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण चालणं ओळखू आलं. तिसरा गेम अगदी शेवटपर्यंत गेला आणि समोरची चांगली खेळली. प्रगतीनं जाळीवरून हात मिळवला, बाजूला जाऊन आपल्या संघाच्या एका लहानशा मुलीच्या बुटाची नाडी बांधून दिली आणि टाळ्या वाजवत तिचा सामना बघायला बसली.

सगळे सामने संपले. माणसं गेली, कोणीतरी बाकं ओढून भिंतीला लावली. कॅमेरा बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी उठणार होतो, तर ती परत कोर्टावर आली. एकटीच. तुटकी पिसं झाडूनं गोळा केली. मग फुलांची एक नळी घेऊन रेषेपाशी उभी राहिली आणि सर्व्हिस करायला लागली. एक फूल, मग दुसरं. नळी संपली की जाळीपलीकडे जाऊन सगळी उचलून आणायची आणि पुन्हा रेषेपाशी. डावा पाय जरा जपून टाकत होती. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा असतो. तो एक होता. तो एक म्हणजे मी.

तिला माहीत नव्हतं की कोणी बघतंय. आणखी थोडा वेळ बघावंसं वाटत होतं. पण एखाद्याच्या घरात न विचारता डोकावल्यासारखंही वाटायला लागलं. ती फुलं उचलायला पलीकडे गेली, खाली वाकली, तेव्हा मी लॅपटॉप मिटला.